ठिपका लहान असेल तेव्हा

१२ ऑगस्ट

आज प्रयोग सुरू झाला. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार, तेव्हा हा माझा शेवटचाच. म्हणून ही वही सुरू केली. आयुष्यभर दुसऱ्यांना काय दिसतं ते लिहीत आलो, आता थोडं स्वतःचंही लिहू.

जेवताना बायकोला सगळं समजावून सांगितलं. अंधाऱ्या खोलीत एक राखाडी पडदा. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, दुसरा मधल्या फुलीवर रोखायचा. खाली बाजूला पुसट पट्ट्यांचा एक गोल ठिपका क्षणभर उमटतो. दिसला तर बटण दाबायचं. ठिपका मोठा असेल तर पट्टे अगदी पुसट असले तरी डोळ्याला सापडतात. लहान असेल तर पट्टे गडद करावे लागतात, उठाव वाढवावा लागतो. ठिपका जेवढा लहान तेवढा उठाव जास्त. पण नक्की किती जास्त, ते मला मोजायचंय.

मुर्नी शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे पातेलंभर भात दिसतो आणि सांडलेलं शीत दिसत नाही, हेच ना? हे मी तुम्हाला लग्न झाल्यापासून सांगतेय."

हसलो. हसता हसता चहाचा ग्लास लवंडला. लोक नेमका माझ्या कोपराशी ग्लास का ठेवतात कोण जाणे.

पडद्यासमोर बसणारे दोघं, मी आणि सेकार. आमच्या धंद्यात आधी स्वतः बसायची रीत आहे, निबंधात आमची आद्याक्षरं जातात. सेकार माझी विद्यार्थिनी होती, आता माझ्याच विभागात हंगामी शिकवते. कायमची जागा निघाली की ती तिलाच, हे सगळा विभाग धरून चाललाय. मीसुद्धा. वडीलधारा म्हणून मला बापाक तर सगळेच म्हणतात, पण ती म्हणते तेव्हा बरं वाटतं.

१७ ऑगस्ट

आमच्या बेटांचा स्वातंत्र्यदिन. सकाळी झेंडा, मग गल्लीच्या स्पर्धा. पोरांनी दोरीला टांगलेले कुरकुरीत पापड हात न लावता खाल्ले, बायकांनी गोणपाटात शिरून उड्या मारल्या. बॅडमिंटनच्या दुहेरीत शेजारचा गिमान आणि मी दरवर्षी शेवटपर्यंत टिकतो. यंदा पहिल्याच सामन्यात घरी.

सभागृहाच्या भिंतीला कुणा गाढवाने सायीचा रंग फासलाय. त्यावर बॅडमिंटनचं पांढरं फूल दिसणार कसं? वर असतं तोवर ठीक, खाली उतरलं की गायब. गिमान टपालखात्यातून निवृत्त झालाय, पण आवाज अजून खिडकीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा. सगळ्यांसमोर ओरडला, "प्राध्यापक, फूल तुमच्या पायाशी पडलंय! कुणाची वाट बघताय, मुहूर्ताची?"

समोरच्या पोरांना ते फूल छान दिसत होतं, असं तो म्हणाला. समोरची पोरं भिंतीकडे पाठ करून उभी होती, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मध्ये बाजू बदलली होती. असेल.

२ सप्टेंबर

आज आनंद पोटात मावत नाही!

पहिले आलेख आले. मोठ्या ठिपक्यांना मी आणि सेकार अगदी बरोबरीला, रेघेवर रेघ. ठिपका लहान होऊ लागला की मात्र माझी रेघ सरळ आभाळात जाते. लहान ठिपका दिसायला मला सेकारच्या दुप्पट, कधी तिप्पट उठाव लागतो. पुस्तकांतल्या रेघा तिच्यासारख्या आहेत, मवाळ. माझ्याइतका चढ मी कुठेच पाहिलेला नाही.

याचा अर्थ काय? मला एकच सुचतो. नवखा माणूस ठिपका लहान झाला की अंदाजाने बटण दाबतो. लागला तर लागला. मी दाबत नाही. खरंच दिसलं तरच दाबतो. मुरलेला डोळा आहे हा. म्हणजे पुस्तकांतल्या रेघा अंदाजपंचे लोकांच्या आहेत आणि खरी रेघ माझी.

सेकार आलेखाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बापाक, दमला होतात का हो त्या दिवशी?"

"एका दिवसाचं नाही हे, सगळ्या आठवड्याचं आहे."

"हो," ती म्हणाली, "तेच बघतेय."

पोरीला मोठी गोष्ट समोर आली तरी ओळखता येत नाही. वयाने येईल.

२१ सप्टेंबर

सेकारने हट्ट धरला म्हणून आणखी चौघांना बसवलं. तीन विद्यार्थी आणि ग्रंथालयातल्या बाई. सगळ्यांच्या रेघा सेकारसारख्या. हे होणारच होतं, चौघंही नवखे. मी म्हटलं, यांना महिनाभर सराव द्या. सेकार म्हणाली, "महिनाभर बसलेली मीच आहे ना, बापाक."

बोलण्यात तिची धार वाढलीय. कायमची जागा जवळ आली की माणसाला पंख फुटतात.

घरी येताना मोटारसायकल भेलकांडली. बक्सोवाल्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, शेवटच्या क्षणी दिसली. मांसाच्या गोळ्यांचा रस्सा थोडा सांडला. त्याने शिव्या दिल्या नाहीत, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मुर्नी म्हणते, आजपासून रिक्षाने जा. बायकांचं काहीतरीच.

९ ऑक्टोबर

आज नको ते झालं.

निबंधाचा मसुदा मी सेकारला दिला होता. दार लावून ती समोर बसली, हात मांडीवर. म्हणाली, "बापाक, रागावू नका. तुमचे आकडे बाजूला ठेवले तर काही उरतच नाही यात. तुम्ही सोडून सगळे सारखेच आहेत."

"मग सगळे चुकतायत."

"आणखी एक सांगू? ऑगस्टातली तुमची रेघ आणि आत्ताची रेघ एक नाही. आत्ताची जास्त चढते. सराव वाढला तर चढ वाढायला नको."

"सरावाने मी आणखी काटेकोर झालो."

तिने मसुदा मिटला. मग अगदी हळू म्हणाली, "एकदा डोळे दाखवून घ्या ना. माझ्यासाठी म्हणून."

माझं डोकंच फिरलं. ती आईच्या पदराआड लपून पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हापासून मी डोळे मोजतोय, आणि ही मला डोळे दाखवायला सांगते! म्हणजे सरळ सांगायचं तर, म्हाताऱ्या, तू आता जा. मी तेच म्हणालो. ती रडली नाही. मसुदा टेबलावर नीट ठेवला, कोपरे जुळवले आणि गेली.

११ ऑक्टोबर

सेकारचं तोंड बंद करायला चष्मेवाल्याकडे गेलो. भिंतीवरचा तक्ता वाचला, सगळ्यात खालच्या ओळीसकट. दोन्ही डोळ्यांनी. चष्मेवाला म्हणाला, "या वयात अशी नजर! बापाक, तुम्ही माझा धंदा बुडवणार."

पांढऱ्यावर काळी अक्षरं, मुंगीएवढी, एकही चुकलं नाही. सेकारला निरोप धाडला. तिचं उत्तर आलं, "छान झालं, बापाक. पण तक्ता मधल्या नजरेचा असतो ना. आपला ठिपका बाजूला असतो."

मला शिकवते! मीच तिला शिकवलेलं.

६ नोव्हेंबर

डीनने कायमच्या जागेसाठी माझं मत मागवलं. पाच ओळी लिहिल्या. सेकार हुशार आहे, मेहनती आहे, हे लिहिलं. पुढे लिहिलं की निरीक्षणाला लागणारा धीर तिच्यात अजून आलेला नाही आणि तिच्या नोंदींवर मी स्वतः विसंबत नाही.

लिहून झाल्यावर खिडकीशी उभा राहिलो. फाडावंसं वाटलं. पण विज्ञानात भिडेला जागा नाही, नाही का? पाठवून दिलं.

मुर्नीला सांगितलं नाही.

१४ डिसेंबर

जागा बांडुंगच्या एका तरुणाला मिळाली. सेकारला मकासारला नोकरी मिळाली, समुद्रापलीकडे. आज संध्याकाळी निरोप घ्यायला घरी आली होती. केदिरीहून तिच्या आईने पाठवलेलं केळीच्या पानातलं गोड घेऊन. बाहेर पाऊस, ओसरीत उजेड कमीच होता, तिच्या अंगात सायीच्या रंगाचा लांब अंगरखा. पंधरा मिनिटं मुर्नीशी बोलली. माझ्याशी हवापाण्याचं.

निघताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. वाटलं, आता ही हात घेईल, कपाळाला लावेल, जशी गेली इतकी वर्षं लावते. लहानाने मोठ्याचा निरोप घ्यायचा तो असाच. तशी ती उभी होती बराच वेळ, जरा वाकल्यासारखी. तोंड कसंनुसं झालेलं. मग एकदम वळली आणि पावसातच गेली. छत्रीसुद्धा उघडली नाही.

हात न घेता गेली! इतक्या वर्षांचं एका घडीत पुसलं. मला इतकं लागलं की जेवण गेलं नाही. माझ्या पत्राचं तिला कुणीतरी सांगितलं असणार. असू दे. पण कुणी काहीही करो, मोठ्या माणसाचा हात टाळून जायचं?

मुर्नी दारात उभी होती. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. आता हिला काय झालं?

२० जानेवारी

नियतकालिकाकडे पाठवलेला निबंध परत आला. परीक्षकाने दोनच ओळी लिहिल्यात. सगळा निष्कर्ष एका निरीक्षकावर उभा आहे, त्या निरीक्षकाचे डोळे तपासलेत का?

कागद चुरगळून खिशात घातला. त्याच तिरीमिरीत विभागाच्या जिन्यावरून उतरलो आणि शेवटची पायरी चुकली. पायरी राखाडी, फरशी राखाडी. पायरी आहे हे पाय मोकळा पडल्यावर कळलं. मनगट सुजलंय. हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कोंबडीचं.

गिमान भेटायला आला, संत्री घेऊन. म्हणाला, "फूल दिसत नाही ते समजू शकतो, प्राध्यापक. पण पायरी उडत नसते हो."

एरवी मी उलटं उत्तर दिलं असतं. आज एक संत्रं त्याच्याच हाती सोलायला दिलं.

३ फेब्रुवारी

मनगट दाखवायला म्हणून मुर्नीने रिक्षात बसवलं आणि रिक्षा थांबली डोळ्यांच्या दवाखान्यासमोर. मी म्हटलं, फसवलंस. ती म्हणाली, "हो. उतरा."

डॉक्टर लिलियाना. मला मुलगी असती तर हिच्याच वयाची असती. तिने मला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवा. एक डोळा झाकलाय, दुसरा मधे रोखा. बाजूला प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबा.

मला हसू आलं. म्हटलं, बाई, हा तर माझाच प्रयोग. ती म्हणाली, मग तुम्हाला सोपं जाईल.

मी वाट पाहत बसलो. यंत्र नुसतं टकटक करत होतं. बराच वेळ काही येईना, म्हणून विचारलं, "सुरू कधी करताय?"

डॉक्टर म्हणाली, "सुरू आहे, बापाक. खालचे सगळे येऊन गेले."

मग तिने ठिपक्याचं माप बदललं. मोठा केला. "आता?"

दिसला. दाबलं. पुन्हा दिसला. दाबलं. उजेड तेवढाच होता, नुसता ठिपका मोठा. मला पुढचं काही सांगायची गरज नव्हती. बटण हातात धरून मी तसाच बसून राहिलो.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, खालच्या भागात जास्त. दुखत नाही, खुपत नाही, मधली नजर शेवटपर्यंत शाबूत, त्यामुळे तक्ता घडाघडा वाचता येतो. डोळ्यामागचे धागे एकेक करून मरत गेलेत. मोठा ठिपका पडला तर त्याच्याखाली एखादा जिवंत धागा सापडतो. लहान ठिपक्याखाली काहीच नसतं.

विचारलं, गेलेलं परत येईल? नाही. उरलेलं राहील? औषध नेमाने घातलं तर बहुतेक राहील. मग मी विचारू नये ते विचारलं. ऑक्टोबरात आलो असतो तर?

डॉक्टरने कागदाकडे पाहिलं. "दाब फार आहे तुमच्या डोळ्यात. थोडं वाचलं असतं, बापाक."

४ फेब्रुवारी

आज जुने आलेख पसरून बसलो. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, पुढचे. चढ वाढतच गेलाय. माझ्याच डोळ्यांचं मरण मी इतक्या काटेकोरपणे मोजलं की डॉक्टरलाही जमलं नसतं, आणि त्याला शोध म्हणून नाव दिलं. आणि जिला ते पहिल्या दिवशी दिसलं, तिच्या नोंदींवर मी विसंबत नाही म्हणून सही केली.

डीनकडे गेलो. सगळं सांगितलं. पत्र मागे घेतो म्हटलं. चांगला माणूस आहे, चहा मागवला. म्हणाला, "बापाक विदाग्दो, जागा भरली. बांडुंगच्या पोराने इथे घर घेतलंय. आता मी काय करू?"

खरंच, तो काय करणार.

५ फेब्रुवारी

मुर्नीला पत्राचं सांगितलं. तिला माहीत होतं. विभागातल्या कारकुनाच्या बायकोने नोव्हेंबरातच सांगितलं होतं. म्हणजे सेकारलाही माहीत होतं. आणि माहीत असून ती गोड घेऊन घरी आली होती.

मी म्हटलं, "तरी एक गोष्ट मनातून जात नाही. माझ्यावर रागावण्याचा हक्क होता तिला. पण हात न घेता जायला नको होतं."

मुर्नी भाजी निवडत होती. हात थांबले तिचे.

"काय म्हणालात?"

"हात नाही घेतला तिने. तू होतीस ना दारात."

"अहो," ती म्हणाली, "तिने हात पुढे केला होता. दोन्ही हात. वाकून उभी होती बिचारी केवढा वेळ. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलात आणि हात दिलाच नाहीत. मला वाटलं, इतका कसा हा माणूस दगड. दुसऱ्या दिवसापर्यंत बोलवेना तुमच्याशी."

अंधारती ओसरी. सायीच्या रंगाचा अंगरखा, त्यापुढे खाली धरलेले दोन लहान हात.

मी उठून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून रडलो. मुर्नीने दार वाजवलं नाही.

१९ मार्च

रमजान संपत आला. सेकारला तीनदा फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा मीच म्हणालो, "चुकून लागला." तीस वर्षं व्याख्यानं देणारा माणूस!

मुर्नी म्हणते, ईदला ती केदिरीला घरी येईल, सगळेच येतात. मी म्हटलं, इकडेही येईल मग, दरवर्षी येते. मुर्नी भांडी उचलून आत गेली.

ईद, पहिला दिवस

सकाळी नमाजानंतर भाचे, पुतणे, जुने विद्यार्थी, सगळी रांग. मी खुर्चीत, ते गुडघ्यावर. एकेकाने हात घेऊन कपाळाला लावला, वर्षभरात कळत नकळत चुकलं असेल ते माफ करा म्हणाले. मी प्रत्येकाला माफ केलं. कशाबद्दल, देव जाणे. त्यांनी काय केलं होतं माझं?

तांदळाच्या वड्या आणि नारळाचा कोंबडीरस्सा संध्याकाळपर्यंत पुरला. फाटक वाजलं की मी उठत होतो. सेकार आली नाही.

रात्री मुर्नीला म्हटलं, उद्या केदिरीला जाऊ. ती म्हणाली, "मोठ्याने लहानाच्या घरी? लोक काय म्हणतील?" आणि माझे बूट पुसायला घेतले.

ईद, दुसरा दिवस

ईदच्या गर्दीत बसमधून केदिरीला. मुर्नी उतरताना म्हणत होती, "पायरी. आणखी एक. आता जमीन." लाज वाटली नाही. फार उशिरा शिकलो हे.

सेकारच्या आईने दार उघडलं आणि तिचा पदर हातातच राहिला. "प्राध्यापक! तुम्ही आमच्या घरी? हे उलटं झालं हो, आमची पोरगी यायला हवी होती. आमचंच चुकलं." ती खुर्च्या शोधायला धावली. मी म्हटलं, बसत नाही, आधी तिला बोलवा.

सेकार आतून आली. तोंड तेवढं दिसलं मला. वाळलीय.

वाटेत सगळं पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडातून येईना. म्हणालो, "डोळे दाखवले मी. तुझं बरोबर होतं."

"कळलं मला, बापाक. मुर्नीबाईंनी फोन केला होता."

"त्या दिवशी तुझा हात मला दिसला नाही. शपथेवर सांगतो, दिसला असता तर घेतला असता. पण पत्र मी नीट बघून लिहिलं होतं, सेकार. त्याला डोळ्यांचं निमित्त नाही. त्याची माफी मागायला आलोय."

आत भांडी वाजायची थांबली.

मी हात पुढे केला. दोन्ही. मान वर ठेवली, नजर तिच्या तोंडावरच; खाली बघायचं धाडस होईना. तिचा हात येतोय, की नाही, की ती नुसती उभी आहे, काही कळेना. हात धरून ठेवायला जड झाले. मागे घ्यावेत की नाही तेही समजेना. डिसेंबरात ती पोरगी माझ्यासमोर किती वेळ उभी होती, ते तेव्हा मला कळलं.

मग बोटांना बोटं लागली. आणि मी काही म्हणायच्या आत हाताच्या पाठीला कपाळ लागलं, ओलं.

माफी मागायला मी गेलो होतो आणि वाकली तीच. तिची मकासारची बोट शुक्रवारी आहे.